बाकीच्या दिशा का फुगल्या नाहीत?

पहाटे ५.३०

अमेरिकेत उन्हाळी वेळ चालू असली की आर्काइव्हची नवी यादी आपल्याकडे पहाटे साडेपाचला लागते, हिवाळ्यात साडेसहाला. जगभरच्या भौतिकशास्त्रज्ञांनी नुकतेच धाडलेले शोधनिबंध तिच्यात असतात, बरेचसे जर्नलमध्ये छापून यायच्या आधी. घरातलं कुणी उठायच्या आत मी तीन विभाग चाळते: विश्वरचनाशास्त्र, गुरुत्वाकर्षण आणि उच्च ऊर्जेचा सैद्धांतिक विभाग. माझा विषय या तिघांच्या बांधावर पडतो, त्यामुळे एकावर भागत नाही.

विषय सांगायला सोपा आहे. विश्वाच्या अगदी सुरुवातीला, सेकंदाच्या अतिसूक्ष्म अंशात, अवकाश प्रचंड वेगाने फुगलं असावं. याला इन्फ्लेशन म्हणतात. आणि लांबी, रुंदी, उंचीखेरीज अवकाशाला आणखी मिती असतील, ही शक्यता भौतिकशास्त्र गेली शंभर वर्षं गांभीर्याने घेत आलं आहे. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की प्रश्न उभा राहतो: तीन दिशा अब्जावधी प्रकाशवर्षं पसरल्या, तर बाकीच्या का पसरल्या नाहीत? त्यांना कुणी धरून ठेवलं?

बरेच निबंध 'जादा मिती स्थिर आहेत असं मानू' एवढं एका वाक्यात म्हणून पुढे सरकतात. निम्मी अडचण त्या वाक्याखाली दडपलेली असते, असं माझं स्पष्ट मत आहे. पहाटेच्या यादीत मी शोधते ते या वाक्यापाशी थांबणारे लोक. आज दोन सापडले. प्रिंट काढून पिशवीत टाकले.

८.००

डबे, मुलाची छत्री, गणेशखिंड रस्त्यावरची पावसाळी कोंडी. रिक्षात पहिल्या निबंधाचा सारांश पुन्हा वाचला.

९.३०

आयुकात, पुण्याच्या खगोलशास्त्र संस्थेत, नव्या पीएचडी विद्यार्थ्यांचा तास. इन्फ्लेशन कशासाठी हवं, इथून सुरुवात करते, कारण गरज कळल्याशिवाय उपायाची किंमत कळत नाही.

विश्व ३,८०,००० वर्षांचं असताना सुटलेलं प्रारण आज आभाळाच्या प्रत्येक दिशेने येतं आणि त्याचं तापमान २.७२५ केल्व्हिन भरतं. पूर्वेला पाहा, पश्चिमेला पाहा, आकडा तोच. कोबे उपग्रहाने १९९२ साली फरक पकडला, तोही लाखात एक भागाचा. पण साधा हिशेब केला तर आभाळावर एक-दोन अंशांपलीकडे असलेल्या दोन ठिकाणांमध्ये तोवर प्रकाशसुद्धा ये-जा करू शकलेला नव्हता. एकमेकांची गाठभेट न झालेले हजारो तुकडे एकाच तापमानावर आले कसे? १९८० साली रशियात अलेक्सी स्टारोबिन्स्की आणि १९८१ साली अमेरिकेत ॲलन गुथ यांनी वेगवेगळ्या वाटांनी जे मांडलं, त्यातून उत्तर निघालं: हे सगळे तुकडे आधी जवळजवळच होते, नंतर अवकाश फुगलं. किमान साठ 'ई-पट' म्हणजे १ वर २६ शून्यं इतक्या पटीने. १९८२ साली लिंडे, तसंच आल्ब्रेख्ट आणि स्टाइनहार्ट यांनी गुथच्या मांडणीतला दोष काढला. तेव्हापासून चित्र असं आहे: एक क्षेत्र आपल्या ऊर्जेच्या सौम्य उतारावरून सावकाश घरंगळतं, आणि ते घरंगळत असेपर्यंत अवकाश फुगत राहतं.

या तासाला मी दरवर्षी एक जुना निबंध वाटते. जयंत नारळीकर आणि टी. पद्मनाभन यांनी १९९१ साली 'ॲन्युअल रिव्ह्यू ऑफ ॲस्ट्रॉनॉमी अँड ॲस्ट्रोफिजिक्स'मध्ये खगोलशास्त्रज्ञांसाठी इन्फ्लेशनचा घेतलेला आढावा. या संस्थेचे संस्थापक संचालक नारळीकर महास्फोटाच्या सिद्धांताला आयुष्यभर प्रश्न विचारत राहिले. त्यांच्याच आवारात इन्फ्लेशन शिकवताना आधी त्याची उलटतपासणी वाचायला द्यावी, हे मला रास्त वाटतं.

शेवटची दहा मिनिटं जादा मितींना. थिओडोर कालुझा, १९२१: आइन्स्टाइनची समीकरणं पाच मितींत लिहिली तर गुरुत्वाबरोबर विद्युतचुंबकत्वही त्यांतून बाहेर पडतं. ऑस्कर क्लाइन, १९२६: ती मिती दिसत नाही, कारण ती बारीक वर्तुळात मिटलेली आहे. आणि चोडोस व डेटवायलर, १९८०: पदार्थ काढून टाकून तीच समीकरणं सोडवली तर तीन दिशा वाढत जातात आणि पाचवी आक्रसत जाते, असंही एक उत्तर निघतं. वर्गात खसखस पिकली. उत्तर फारच सोयीचं आहे ना! पण ती पाचवी दिशा आक्रसतच जाते, थांबत नाही. थांबवायचं कसं, ते समीकरण सांगत नाही. घंटा झाली.

११.००

माझा विद्यार्थी फळ्यापाशी आधीच उभा होता. साताऱ्याचा मुलगा, दुसरं वर्ष. गेला महिनाभर तो 'ब्रेन'वरच्या इन्फ्लेशनशी झुंजतोय. मेम्ब्रेनमधला ब्रेन: आपलं तीन मितींचं विश्व हा एक पातळ पापुद्रा, आणि तो पाच मितींच्या अवकाशात तरंगतोय. प्रकाश आणि पदार्थ पापुद्र्याला चिकटलेले. गुरुत्व मात्र बाहेरही पसरतं. लिसा रॅन्डल आणि रमण सुंद्रम यांनी १९९९ साली दाखवलं की बाहेरचं अवकाश योग्य प्रकारे वाकलेलं असेल तर पाचवी मिती अमर्याद लांब असूनही आपल्याला गुरुत्व नेहमीसारखंच जाणवेल.

याचा इन्फ्लेशनवर परिणाम एका जादा पदातून होतो. नेहमीच्या विश्वात प्रसरणवेगाचा वर्ग ऊर्जा-घनतेच्या प्रमाणात असतो. ब्रेनवर त्यात घनतेच्या वर्गाचं पद मिळतं. आज घनता इतकी कमी आहे की त्या पदाचा मागमूस लागत नाही. आरंभी मात्र त्याचंच राज्य असू शकतं. तेवढ्याच ऊर्जेवर विश्व अधिक वेगाने फुगतं, त्यामुळे घरंगळणाऱ्या क्षेत्राला विरोध वाढतो आणि ते आणखी हळू उतरतं. म्हणजे जो उतार एरवी इन्फ्लेशनला तीव्र पडला असता तोही चालून जातो. मार्टेन्स, वाँड्स, बॅसेट आणि हर्ड यांनी २००० साली हे नीट मांडलं.

"मॅडम, उत्तर आलंय. पण वाईट आलंय," तो म्हणाला.

"दाखव तरी."

त्याने सर्वांत साधं क्षेत्र घेतलं होतं, ज्याची ऊर्जा क्षेत्राच्या वर्गाप्रमाणे वाढते. नेहमीच्या विश्वात साठ ई-पटींना वर्णपटाचा निर्देशांक (घनतेच्या तरंगांची ताकद त्यांच्या लांबीनुसार कशी बदलते ते सांगणारा आकडा) १ वजा २ भागिले ६०, म्हणजे ०.९६७, आणि गुरुत्वीय लहरींचं घनतेच्या तरंगांशी गुणोत्तर ८ भागिले ६०, म्हणजे ०.१३. ब्रेनवर, जादा पदाचं राज्य असताना, निर्देशांक १ वजा ५ भागिले १२०, म्हणजे ०.९५८, गुणोत्तर १२ भागिले ६०, म्हणजे ०.२०.

आता मोजमाप. प्लांक उपग्रहाचा २०१८चा निर्देशांक ०.९६४९, अधिक-उणे ०.००४२. इथवर पहिला आकडा सहज बसतो, दुसरा कसाबसा तग धरतो. पण दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-केक दुर्बिणींनी २०२१ साली गुणोत्तराला ०.०३६ची वरची मर्यादा घातली. नेहमीच्या विश्वातलं हे क्षेत्र त्या मर्यादेत बसत नाही आणि ब्रेनवरचं तर त्याहून लांब पडतं. घातांकी उतार घेतला तर गुणोत्तर ०.४च्या घरात जातं.

त्याचा चेहरा उतरला होता. मी त्याला खुर्चीत बसवलं आणि सांगितलं ते इथेही लिहिते, कारण बाहेरच्या वाचकाला ते क्वचित कुणी सांगतं. पाच मितींच्या विश्वाबद्दलचं एक विधान त्याने चार ओळींत दोन आकड्यांपर्यंत आणलं, आणि अंटार्क्टिकातल्या दुर्बिणीने त्यातल्या एका आकड्याला नाही म्हटलं. जादा मिती म्हणजे हवेतल्या गप्पा, असं म्हणणाऱ्यांना द्यायला याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. हेच काम आयुकात आधीही झालंय: वरुण साहनी, एम. सामी आणि तरुण सौरदीप यांनी २००२ साली दाखवलं की ब्रेनवरच्या तीव्र उताराच्या इन्फ्लेशनमध्ये गुरुत्वीय लहरींचा साठा इतका माजू शकतो की आद्य हेलियम वगैरे तयार होण्याच्या हिशेबातच तो बसत नाही.

"मग थीसिसमध्ये काय लिहू?"

"हेच लिही. आणि वर्गाऐवजी सपाट माथ्याचं क्षेत्र घेऊन बघ."

दुपारी १.१५

कॅन्टीन. शेजारच्या एनसीआरएमधली एक मैत्रीण जेवायला आली होती. ती रेडिओ-खगोलाची, तिला समीकरणापेक्षा 'दिसेल काय?' हे आधी हवं असतं. तिच्यासाठी माझ्याकडे एक चांगली गोष्ट आहे.

गिया द्वाली आणि हेन्री टाय यांनी १९९८ साली सुचवलं की घरंगळणारं क्षेत्र म्हणजे दोन ब्रेनमधलं अंतर असू शकेल. जादा मितीत दोन ब्रेन एकमेकांकडे सरकत आहेत. सरकेपर्यंत आपलं विश्व फुगतंय. आदळले की इन्फ्लेशन संपतं आणि सगळी ऊर्जा उष्णता होऊन सुटते. अशा टकरीतून विश्वभर पसरलेले ताणलेले धागे, कॉस्मिक सुपरस्ट्रिंग, मागे राहू शकतात. धागे हेलकावतात, त्यांची वेटोळी तुटतात आणि गुरुत्वीय लहरी सोडत विरतात.

त्या लहरींची वारंवारता इतकी मंद असू शकते की एक हेलकावा पुरा व्हायला वर्षं लागावीत. ती पकडायला पल्सारची, म्हणजे नियमित स्पंद सोडणाऱ्या ताऱ्यांची, घड्याळं लागतात. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस तबकड्या, प्रत्येकी ४५ मीटरच्या, नेमकं हेच करतात. जून २०२३मध्ये युरोपीय आणि भारतीय पल्सार गटांनी, त्याच वेळी अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि चीनच्या गटांनीही, अशा मंद लहरींच्या पार्श्वभूमीचे पुरावे जाहीर केले. सरळ अर्थ लावायचा तर त्या महाकाय कृष्णविवरांच्या जोड्यांच्या आहेत, आणि मीही तोच लावते. पण नारायणगावच्या पलीकडे, द्राक्षमळ्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या तबकड्यांच्या नोंदींतून जादा मितींतल्या टकरीला मर्यादा घालता येते, याचा मला मनापासून आनंद होतो. मैत्रीण म्हणाली, "आधी कृष्णविवरं नीट मोजू दे गं." बरोबर आहे तिचं.

२.३०

दार लावून वाचन. दिवसातले हे दोन तास मी कुणाला देत नाही.

स्ट्रिंग सिद्धांताला अवकाशाच्या नऊ मिती लागतात. तीन आपल्या, सहा मिटलेल्या. त्या सहांचा आकार आणि आकारमान ठरवणाऱ्या राशी अनेकदा शेकड्यांनी असतात, आणि कुठलीही मोकळी सोडली तर ती सरकू लागते. त्यात एक फार चिवट अडचण आहे. चार मितींच्या भाषेत कुठलीही धन ऊर्जा जादा मितींचं आकारमान वाढलं की कमी होते. निसर्ग कमी ऊर्जेकडे ओढला जातो. म्हणजे इन्फ्लेशन चालवणारी ऊर्जाच जादा मितींना 'मोठ्या व्हा' म्हणून ढकलत असते. ती फार झाली तर सहाच्या सहा मिती उघडतात, आणि मग आपलं तीन मितींचं विश्व उरतच नाही.

२००३ साली काचरू, कॅलॉश, लिंडे आणि त्रिवेदी या चौघांनी त्यांना बांधून घालायची रीत दाखवली. चौथे संदीप त्रिवेदी, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले. आधी मिटलेल्या मितींतून चुंबकीय क्षेत्रासारखे प्रवाह गुंतवून त्यांचे आकार पक्के करायचे. मग एका सूक्ष्म क्वांटम परिणामाने आकारमान. शेवटी एका प्रति-ब्रेनची ऊर्जा मिळवून निर्वाताची ऊर्जा ऋणाची किंचित धन करायची. हा निबंध मी कितीदा वाचला असेल, पण प्रत्येक पायरीला पुढची पायरी कशी टेकू देते ते पाहताना आजही हात थांबतो.

त्याच वर्षी माल्दासेना आणि मॅकॲलिस्टर यांना बरोबर घेऊन त्यांनी इन्फ्लेशन या चौकटीत बसवायला घेतलं, आणि काय झालं? ब्रेन सावकाश सरकायला उतार अगदी सौम्य हवा. त्याचा बाक सांगणारा ईटा नावाचा आकडा ०.०१च्या आसपास हवा. आकारमान बांधणाऱ्या उपायाने तो २/३ करून ठेवला. जादा मिती धरून ठेवायला जे केलं तेच इन्फ्लेशनच्या मुळावर आलं. त्यांनी ते लपवलं नाही, निबंधात उघड मांडलं, आणि पुढची वीस वर्षं लोक हा आकडा लहान करण्यात गुंतले आहेत. पहाटे मी ज्या एका वाक्याबद्दल कुरकुरत होते त्याच्या पोटात हे एवढं आहे. 'स्थिर आहेत असं मानू' म्हणणाऱ्याने ईटाही फुकटात लहान मानलेला असतो.

२०१८पासून कुमरुन वाफा आणि त्यांचे सहकारी म्हणतात की असं धन ऊर्जेचं टिकाऊ निर्वात स्ट्रिंग सिद्धांतात मुळात मिळतच नसावं. वाद चालू आहे. माझा कल त्रिवेदी आणि मंडळींकडे आहे, पण सिद्धता दोन्हीकडे अपुरी आहे.

४.४५

चहा आणि पत्रं. कोल्हापूरच्या एका कॉलेजच्या विद्यार्थिनीचा प्रश्न: पाचवी दिशा आहे तर बोट कुठे दाखवू?

तिला लिहिलं: छोट्या देवळाची प्रदक्षिणा चार पावलांत संपते आणि आपण निघालो तिथेच येतो. मिटलेल्या मितीची प्रदक्षिणा तुझ्या बोटाच्या जाडीपेक्षा कितीतरी लहान आहे. बोट त्या दिशेलाही आहेच, फक्त वळवायला जागा नाही. पण गुरुत्वाला ती जागा कळते. वर्तुळापेक्षा कमी अंतरावर गुरुत्व न्यूटनच्या वर्गव्यस्त नियमापेक्षा भराभर वाढू लागेल. सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटाने बारीक तारेला चकती टांगून हे तपासलंय. २०२० साली त्यांनी ५२ मायक्रॉनपर्यंत न्यूटन बरोबर असल्याचं दाखवलं आणि जादा मिती असलीच तर सर्वांत मोठी ३० मायक्रॉनपेक्षा लहान हवी, असा निष्कर्ष काढला. डोक्याचा केस याच्या दुप्पट जाड असतो.

६.००

विद्यार्थी पुन्हा आला, पिशवीतला दुसरा निबंध वाचून. "मॅडम, पाचवी मिती फुगलीच नाही असं कशाला धरायचं? तीही फुगू दे."

ही वाट खरंच आहे. २०२२ साली मोंतेरो, वाफा आणि वालेंझुएला यांनी मायक्रॉनच्या घरातली एक जादा मिती सुचवली. नाव 'डार्क डायमेन्शन'. त्यावर अँकोर्डोकी, अँटोनियाडिस आणि सहकाऱ्यांनी म्हटलं की ती इतकी मोठी झाली तीच मुळी इन्फ्लेशनमुळे. चारही दिशा एकसारख्या फुगल्या.

आम्ही आकडे घालून पाहिले. मायक्रॉनची पाचवी मिती असेल तर पाच मितींतलं गुरुत्वाचं मूळ ऊर्जामान १०० कोटी गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास येतं. त्याला साजेशी लांबी मीटरचा सुमारे १ वर २५ शून्यांवा भाग, दोन-तीन पट इकडेतिकडे. तिथून मायक्रॉनपर्यंत म्हणजे ४ वर १८ शून्यं इतक्या पट. ई-पटींत ४३. त्याने खडू थांबवला: "साठ कुठे झाले?"

"गुरुत्वाची मोजपट्टी विसरलास."

चार मितींतला निरीक्षक लांबी मोजतो ती गुरुत्वाच्या स्वाभाविक मापाने. पाचवी मिती वाढते तसं गुरुत्व पातळ होतं आणि ते माप तिच्या वर्गमुळाच्या प्रमाणात आखूड होतं. म्हणून त्याच्या हिशेबात आणखी निम्म्या, साडेएकवीस, ई-पटी मिळतात. एकूण सुमारे ६४. क्षितिजाचा प्रश्न सोडवायला लागणारे साठ, आणि पाचव्या मितीला मायक्रॉनपर्यंत न्यायला लागणारे त्रेचाळीस, एकाच फुगण्यातून. त्याने फळ्यावर ६४ भोवती दोनदा गोल काढला. मला ते पुसवेना.

मायक्रॉनला पोहोचल्यावर ती मिती थांबते कशी, हे इथेही सोडवायचं आहे. पण एक प्रश्न तरी बदलला: धरून ठेवण्याची लढाई पहिल्या क्षणापासून लढायची गरज राहिली नाही.

रात्री ९.३०

जेवणं झाली, मुलगा झोपला. विद्यार्थ्याचा प्रोग्रॅम संस्थेच्या क्लस्टरवर लावून दिला. सपाट माथ्याचं क्षेत्र, ब्रेनवर, उद्या सकाळपर्यंत आकडे येतील.

त्याआधी त्याला एक मेल लिहिला, तोच इथे देते. डार्क डायमेन्शनचा अंदाज काही मायक्रॉनचा आहे, आणि मोजणी ३० मायक्रॉनवर येऊन ठेपली आहे. मधलं अंतर एका दहाच्या पटीहून फारसं नाही, आणि ते कापणारं यंत्र म्हणजे तळघरात टांगलेली एक तार आहे. आपल्या देशात हे कसब होतं: १९८०च्या दशकात 'पाचव्या बला'ची चर्चा उठली तेव्हा रामनाथ कौसिक आणि टाटा संस्थेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्नाटकात गौरीबिदनूरला जमिनीखाली असाच पिळाचा तराजू लावून त्या बलाला मर्यादा घातल्या होत्या. माझ्याकडे दरवर्षी येणारी हुशार मुलं समीकरणांकडे येतात, आणि मला ती हवीही असतात. पण तुमच्यापैकी कुणाचा हात यंत्रावर बसत असेल, तारेची थरथर आणि तापमानाचा हजारावा अंश यांच्याशी वर्षानुवर्षं झगडायची तयारी असेल, तर सिद्धांताकडे येऊ नका. तार टांगा. पाचवी मिती आहे की नाही, हे आम्हा फळ्यावरच्या लोकांच्या आधी तुम्हाला कळेल.